टक्कर समुद्रात, खर्च कोल्हापुरात: दोन जहाजे धडकली तर तुमच्या मालाचे पैसे कोण देणार?

7 ऑगस्ट 2010 रोजी सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली. न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातून कंटेनर भरून बाहेर पडलेले ‘एमएससी चित्रा’ आणि बंदराकडे येणारे ‘खलिजिया-3’. चित्रावर सुमारे 1,200 कंटेनर होते. जहाज एका कुशीवर कलले आणि त्यांतले सुमारे 300 समुद्रात पडले. काहींत कीटकनाशके होती. शेकडो टन तेल सांडले, तवंग रायगडच्या किनाऱ्यापर्यंत गेला. वाहत्या कंटेनरांमुळे मुंबई आणि न्हावाशेवा या दोन्ही बंदरांची जहाजवाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली.

कोल्हापूरला समुद्र नाही, पण कोल्हापूरच्या मालाला आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतले कास्टिंग, इचलकरंजीचे कापड, हुपरीची चांदी, 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला गूळ, 2019 मध्ये तेच मानांकन मिळालेली चप्पल, सगळा माल घाट उतरून बोटीवर चढतो. उलट दिशेने यंत्रमागधारकांची परदेशी यंत्रे आणि फाउंड्रीचा कच्चा माल येतो. इथल्या व्यापाऱ्याला हायवेवर ट्रेलर उलटला तर काय करायचे हे तोंडपाठ असते. बोटीला बोट धडकली तर मात्र पहिला प्रश्न येतो, “चूक कुणाची?” आणि त्याच्या उत्तराची वाट बघण्यात पहिले महत्त्वाचे दिवस निघून जातात.

चूक कुणाची हे ठरायला वर्षे लागतात. ठरल्यावरही त्या निकालातून मालधन्याच्या हाती बहुतेक वेळा अपुरे पैसे येतात, कधी काहीच येत नाही. तुमचे नुकसान भरून निघते ते विम्यातून. कायदा समजून घ्यायचा तो एवढ्यासाठी की विमा कोणता घ्यावा, कागदावर काय लिहून घ्यावे आणि कोणत्या तारखेच्या आत काय करावे हे नेमके कळावे.

दोष कसा ठरतो

समुद्रावरच्या वाहतुकीचे नियम 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत आणि ते 1977 पासून लागू आहेत. समोरासमोर येणाऱ्या दोन यांत्रिक जहाजांनी दोघांनीही उजवीकडे वळायचे. एकमेकांचा मार्ग छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे जहाज आहे त्याने वाट द्यायची. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने लांबून जायचे. अरुंद जलमार्गात आपल्या उजव्या कडेने चालायचे. सतत पहारा ठेवायचा आणि वेग परिस्थितीला साजेसा ठेवायचा.

हे वाचून वाटेल की निकाल सोपा आहे. तसा तो नसतो, कारण ज्याला वाट मिळायची आहे त्याच्यावरही जबाबदारी आहे. समोरचा वळत नाही हे दिसल्यावर त्यानेही टक्कर टाळण्यासाठी हालचाल करायची असते. ‘माझा हक्क होता’ म्हणून सरळ जात राहणारा कप्तान निर्दोष सुटत नाही. म्हणून शंभर टक्के दोष एकाचाच असे क्वचित ठरते. सहसा वाटणी होते, साठ-चाळीस, सत्तर-तीस अशी.

आपल्याकडे ही वाटणी 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्याच्या कलम 345 मध्ये होती. ज्या जहाजाचा जेवढा दोष, तेवढी त्याची भरपाई; दोषाचे प्रमाण ठरवताच आले नाही तर निम्मे-निम्मे. हे तत्त्व 1910 च्या ब्रसेल्स करारापासून बहुतेक देशांत चालत आले आहे. 2025 मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केला. त्यामुळे दाव्याच्या कागदांत जुनी कलमे लिहिण्याआधी टक्कर कोणत्या तारखेची आणि तेव्हा कोणता कायदा लागू होता हे वकिलाकडून तपासून घ्या.

पुरावा बहुतेक जहाजातच असतो. विमानातल्या ब्लॅक बॉक्ससारखे नोंदयंत्र मोठ्या जहाजांवर सक्तीचे आहे. त्यात जहाज चालवण्याच्या कक्षातले संभाषण, रडारचे चित्र, वेग आणि दिशा साठते. शिवाय जहाजाची ओळख प्रसारित करणाऱ्या यंत्रणेच्या नोंदी, बंदराच्या वाहतूक नियंत्रण कक्षाचे रेकॉर्डिंग, लॉगबुक आणि कप्तानांचे जबाब. भारतात चौकशी जहाजवाहतूक महासंचालनालय करते. ही चौकशी अपघात का झाला हे शोधते, तुमचे पैसे मिळवून देत नाही. त्यासाठी वेगळा दिवाणी दावा लागतो.

किती वेळ लागतो याचे एक उदाहरण. फेब्रुवारी 2015 मध्ये दुबईच्या जेबेल अली बंदराबाहेर ‘एव्हर स्मार्ट’ हे कंटेनर जहाज आणि ‘अलेक्झांड्रा 1’ हे तेलवाहू जहाज धडकले. लंडनच्या न्यायालयाने दोष 80-20 असा वाटला. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. 2021 मध्ये त्या न्यायालयाने सांगितले की मार्ग छेदण्याचा नियम खालच्या न्यायालयांनी चुकीचा लावला, आणि वाटणी पुन्हा करायला पाठवली. टकरीला तेव्हा सहा वर्षे झाली होती. कोल्हापूरचा कोणता कारखाना एका कंटेनरच्या पैशासाठी सहा वर्षे थांबू शकतो?

आता हिशेब मांडू

समजा, तुम्ही 20 फुटी कंटेनरमध्ये 22 टन कास्टिंग भरले. किलोला 180 रुपये धरले तर माल जवळपास 40 लाखांचा. टक्कर झाली, कंटेनर बुडाला. पुढे न्यायालयाने ठरवले की तुमचा माल ज्या जहाजावर होता त्याचा दोष 60 टक्के आणि समोरच्याचा 40 टक्के.

स्वाभाविक अपेक्षा अशी की आपल्या जहाजाकडून 24 लाख आणि समोरच्याकडून 16 लाख घ्यायचे. इथेच बहुतेकांना धक्का बसतो. मालवाहतुकीच्या कायद्यात, 1925 च्या जुन्या आणि त्याची जागा घेणाऱ्या 2025 च्या नव्या अशा दोन्हींत, जहाजकंपनीला एक मोठी सूट आहे. कप्तान, खलाशी किंवा बंदराचा पायलट यांच्याकडून जहाज चालवण्यात चूक झाली तर त्या नुकसानीला वाहतूकदार जबाबदार नाही. टक्कर ही सहसा जहाज चालवण्यातलीच चूक असते. म्हणजे ज्याला तुम्ही भाडे मोजले, त्याचा दोष सिद्ध होऊनही त्याच्याकडून येणारी रक्कम शून्य असू शकते.

समोरच्या जहाजाकडून 16 लाख मागता येतात. पण त्या जहाजाच्या मालकालाही आपली एकूण जबाबदारी जहाजाच्या टनेजनुसार मर्यादित करण्याचा हक्क आहे. तो एक ठरावीक निधी न्यायालयात जमा करतो आणि सगळ्या दावेदारांनी त्यातून वाटा घ्यायचा. तेल सांडले, शेकडो कंटेनर गेले, बंदर अडले, तर त्या निधीवर तुमच्यासारखे अनेक जण असतात. 16 लाखांतले किती हाती येतील हे आधी सांगता येत नाही. उरलेल्या 24 लाखांना विम्याशिवाय धनी नाही.

मला हा नियम अन्यायकारक वाटतो. भाडे घेणाऱ्याची चूक मालधन्याने सोसायची, हे तत्त्व शिडाच्या जहाजांच्या काळात कदाचित समजण्यासारखे होते. उपग्रहावरून मार्ग दिसणाऱ्या जहाजांना ते का लागावे? पण करारात आणि कायद्यात ते आहे, आणि त्यावर आज तुमचा माल चालतो.

या सुटीला एक भगदाड आहे, आणि चांगला वकील तिथेच बोट ठेवतो. प्रवास सुरू होताना जहाज समुद्रात जाण्यास योग्य नसेल आणि ते योग्य ठेवण्यात मालकाने हयगय केली असेल, तर ही सूट गळून पडते. बिघडलेले रडार, अप्रशिक्षित खलाशी, चुकीचा आखलेला मार्ग, हे सगळे यात येते. ‘सीएमए सीजीएम लिब्रा’ हे जहाज 2011 मध्ये चीनच्या शियामेन बंदरातून निघताना उथळ पाण्यात रुतले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ठरवले की मार्गाचा आराखडाच सदोष असल्याने जहाज प्रवासाला योग्य नव्हते. ज्या मालधन्यांनी जहाज वाचवण्याच्या खर्चाचा वाटा द्यायला नकार दिला होता, ते जिंकले.

मर्यादा: किलो, खोकी आणि एक ओळ

जहाजकंपनी जबाबदार ठरलीच, तरी तिची भरपाई अमर्याद नाही. दर नगाला 666.67 एसडीआर किंवा दर किलोला 2 एसडीआर, यांतली जी रक्कम जास्त असेल ती कमाल. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. त्याचा भाव रोज बदलतो. या लेखापुरता 120 रुपये धरला आहे.

22 टन कास्टिंगची वजनावर मर्यादा 44,000 एसडीआर, म्हणजे सुमारे 52 लाख 80 हजार रुपये. माल 40 लाखांचा, त्यामुळे इथे मर्यादा आड येत नाही. जड आणि स्वस्त मालाला हा नियम परवडतो. चप्पलचे 15 किलोचे खोके घ्या: नगाची मर्यादा सुमारे 80,000 रुपये. तेवढ्या किमतीची चप्पल एका खोक्यात सहसा नसते, म्हणून तेही ठीक. पण हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांची 20 किलोची पेटी असेल तर मर्यादा तीच 80,000 आणि आतला माल लाखोंचा. अशा मालाची किंमत बिल ऑफ लेडिंगवर (बीएल) आधी जाहीर करून लिहून घेतली तरच ही मर्यादा ओलांडता येते. त्यासाठी कंपनी जादा भाडे मागते.

यात एक ओळ फार महागात पडते. बिल ऑफ लेडिंगवर ‘एक कंटेनर’ एवढेच लिहिले असेल तर तो अख्खा कंटेनर एक नग धरला जाऊ शकतो. ‘एक कंटेनर, आत 600 खोकी’ असे लिहिले असेल तर 600 नग. 600 खोक्यांना नगाच्या हिशेबाने मर्यादा सुमारे 4 कोटी 80 लाख. अख्खा कंटेनर एकच नग धरला तर फक्त 80,000, किंवा वजनाने येईल ती. हा बदल फुकट आहे. बीएलचा मसुदा फॉरवर्डर मंजुरीसाठी पाठवतो, तेव्हा आपल्या ऑफिसातल्या मुलीने किंवा मुलाने ती ओळ तपासायची, एवढेच.

आगाऊ भरलेले भाडेही परत मिळेल असे धरू नका. जहाज पोचो वा बुडो, भाडे परत नाही, असे बहुतेक बिलांच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेले असते. म्हणूनच विम्याची रक्कम मालाची किंमत, भाडे आणि विमाहप्ता यांच्या बेरजेवर आणखी 10 टक्के अशी धरण्याची व्यापारी पद्धत आहे.

माल वाचला तरी बिल येते

टकरीनंतर तुमचा कंटेनर सुखरूप आहे असे कळले की माणूस निःश्वास सोडतो. काही दिवसांनी एक ईमेल येतो: ‘जनरल ॲव्हरेज जाहीर झाले आहे.’ समुद्री व्यापाराचा हा फार जुना नियम. जहाज आणि माल वाचवण्यासाठी जाणूनबुजून केलेला त्याग किंवा खर्च, म्हणजे ओढून नेणाऱ्या टगबोटी, बचाव पथक, आश्रयाच्या बंदरातला मुक्काम, सगळ्या वाचलेल्यांनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. तो यॉर्क-अँटवर्प नियमांनी मोजला जातो. दोष जहाजाचा होता का, हा वाद नंतरचा. हमी दिल्याशिवाय कंटेनर सुटत नाही.

रक्कम किती मोठी असू शकते? मार्च 2018 मध्ये अरबी समुद्रात ‘मर्स्क होनाम’ या जहाजाला आग लागली. ती टक्कर नव्हती, पण हिशेबाचा नियम तोच. बचावकार्यासाठी मालाच्या किमतीच्या 42.5 टक्के आणि जनरल ॲव्हरेजसाठी 11.5 टक्के हमी मागितली गेली, एकूण 54 टक्के. आपल्या 40 लाखांच्या मालाला हा दर लावला तर 21 लाख 60 हजार रुपये. विमा असेल तर विमा कंपनी हमीपत्र देते, तुम्ही फक्त बाँडवर सही करता. विमा नसेल तर ही रक्कम रोख ठेवावी लागते, आणि अंतिम हिशेब व्हायला वर्षे जातात. मार्च 2024 मध्ये बाल्टिमोरच्या पुलाला धडकलेल्या ‘डाली’ जहाजाच्या मालकांनीही पुढच्याच महिन्यात जनरल ॲव्हरेज जाहीर केले होते.

हा फटका पहिल्यांदा बसतो तो माल घेणाऱ्याला, कारण कंटेनर सोडवायला तोच जातो. म्हणून इचलकरंजीत परदेशातून माग आणणाऱ्या कारखानदाराने हा भाग नीट वाचावा. ‘विक्रेत्याने विमा काढला आहे’ एवढ्यावर थांबू नका. पॉलिसी किंवा प्रमाणपत्र तुमच्या नावे पृष्ठांकन करून हातात आहे का ते बघा.

कोणता विमा, किती हप्ता

मालाच्या सागरी विम्यात तीन ठेवणीची कलमे चालतात: ए, बी आणि सी. टक्कर, आग, जहाज बुडणे आणि जनरल ॲव्हरेज हे सगळे सर्वांत स्वस्त अशा ‘सी’मध्येही आहे. लाटेने कंटेनर वाहून जाणे किंवा जहाजात समुद्राचे पाणी शिरणे ‘बी’पासून. चोरी, आदळआपट, ओल लागणे अशा इतर बहुतेक गोष्टींसाठी ‘ए’ लागतो. केवळ टकरीची भीती असेल तर ‘सी’ पुरेल, पण एका प्रवासात एकच संकट येईल असे कोण सांगणार? मी ‘ए’च सुचवतो.

हप्त्याचा दर माल, मार्ग, जहाजाचे वय आणि तुमचा मागचा इतिहास यांवर ठरतो. उदाहरणापुरता शेकडा 15 पैसे धरू. 44 लाखांच्या विम्याला 6,600 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,188, एकूण 7,788. हा जीएसटी नोंदणीकृत व्यावसायिकाला सहसा परत मिळतो. 21 लाखांची रोख हमी आणि 40 लाखांचा माल यांच्या समोर हा आकडा ठेवून बघा. दोन-तीन कंपन्यांचे दर मागवा. वर्षभर माल जात असेल तर दर खेपेला वेगळी पॉलिसी न घेता ओपन पॉलिसी घ्या. त्यात एकही खेप कळवायची विसरायची नाही.

रक्कम कमी दाखवून हप्ता वाचवू नका. 44 लाखांच्या मालाचा विमा 33 लाखांचा असेल तर अर्धवट नुकसानीत भरपाई पाऊणपटच मिळते. जनरल ॲव्हरेजच्या वाट्यालाही तसाच कट लागतो.

आणि हे नीट ध्यानात ठेवा: उशिरामुळे झालेले नुकसान तिन्ही प्रकारांत वगळलेले आहे, ‘ए’मध्येसुद्धा. टकरीनंतर जहाज महिनाभर अडकले आणि गूळ पाझरला, कास्टिंगला गंज चढला, परदेशी खरेदीदाराचा हंगाम गेला, तर कंपनी ‘उशीर’ म्हणून हात वर करील. गुळाचा व्यापारी इथे सर्वांत उघडा पडतो. त्याने पॅकिंगवर आणि खरेदीदाराशी केलेल्या करारावरच संरक्षण शोधायचे: उशीर झाल्यास भाव किती कमी होईल, हे आधीच लिहून घ्यायचे.

एफओबी विक्रीत माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची. कोल्हापूरचे बरेच निर्यातदार म्हणूनच विमा घेत नाहीत. पण पैसे अजून आलेले नसतात. बोट बुडाल्यावर खरेदीदाराने फोन उचलला नाही आणि त्याने विमाही काढला नसेल तर? त्यासाठी विक्रेत्याच्या हिताचे पूरक संरक्षण मिळते, ते मागून घ्या. निर्यातीचा पतविमा देणाऱ्या ईसीजीसीची पॉलिसी या कामाची नाही. ती खरेदीदाराची दिवाळखोरी, पैसे थकवणे अशा जोखमींसाठी आहे, समुद्रात बुडालेल्या मालासाठी नाही. सीआयएफ विक्रीत विमा तुम्हीच काढायचा, पण इन्कोटर्म्स 2020 प्रमाणे तिथे किमान ‘सी’ पुरतो. खरेदीदाराला ‘ए’ हवा असेल तर तसे ऑर्डरवर लिहून घ्या आणि फरक त्याच्या बिलात लावा.

अमेरिकेला माल पाठवणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. अमेरिका दोषवाटणीच्या 1910 च्या ब्रसेल्स करारात नाही. तिथे मालधनी समोरच्या जहाजाकडून पूर्ण नुकसान मागू शकतो, आणि ते जहाज मग तुमच्या जहाजाकडून वाटा वसूल करते. तो वाटा तुमची जहाजकंपनी बीएलच्या एका कलमाने पुन्हा तुमच्याकडे मागते. तिन्ही विमा प्रकारांत याचे संरक्षण आहे, मात्र असे पत्र आल्याबरोबर विमा कंपनीला कळवावे लागते.

बातमी आली की काय करायचे

पहिल्याच दिवशी बीएल काढा, जहाजाचे नाव आणि कंटेनर क्रमांक जुळवा. वाटेत माल दुसऱ्या जहाजावर चढवला असू शकतो, तेव्हा फॉरवर्डरकडून लेखी खात्री घ्या. विमा कंपनीला फोन करा आणि लगेच ईमेलही करा. एजंटला सांगितले म्हणजे कंपनीला कळवले असे समजू नका. बँकेलाही सांगा, कारण परकीय चलन आले नाही तर शिपिंग बिल बँकेच्या यंत्रणेत उघडेच राहते आणि पुढच्या खेपांना अडथळा होतो.

माल हाती आला तर उघडण्याआधी फोटो, सील क्रमांक आणि सर्व्हेअर. दिसणारे नुकसान माल घेतानाच लेखी कळवायचे, न दिसणारे तीन दिवसांत. जहाजकंपनीला जबाबदार धरत असल्याची नोटीस द्या, आज तिचा दोष आहे की नाही हे माहीत नसले तरी. ही नोटीस तुमच्या विमा कंपनीच्या हक्कासाठी लागते. क्लेमचे पैसे दिल्यावर तीच तुमच्या जागी उभी राहून जहाजांच्या मागे लागते. तुम्ही परस्पर तडजोड केली, ‘काही येणे नाही’ लिहून दिले, तर तिचा हक्क जातो आणि तुमचा क्लेम अडकतो. ओला झालेला माल वाचवण्यासाठी वाजवी खर्च करायचा, पावत्या ठेवायच्या. तो खर्च मागता येतो.

जहाजकंपनीवर दाव्याची मुदत माल मिळाल्यापासून किंवा मिळायला हवा होता त्या दिवसापासून एक वर्ष. ‘चौकशी सुरू आहे’ या उत्तराने ती थांबत नाही. मुदतवाढ हवी असेल तर लेखी घ्या. समोरच्या जहाजावर भरपाईसाठी असलेला सागरी धारणाधिकारही (मॅरिटाइम लिएन) साधारण एका वर्षात संपतो. म्हणून मुदत सुरू झाल्यापासूनच्या दहाव्या महिन्यावर कॅलेंडरमध्ये खूण करा.

दावा कुठे? 2017 चा ॲडमिरल्टी कायदा 1 एप्रिल 2018 पासून लागू झाला. त्याप्रमाणे हे अधिकार किनारी राज्यांच्या ठरावीक उच्च न्यायालयांना आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले याचा आपल्याला सगळ्यांनाच आनंद आहे. पण जहाज अटकावून ठेवण्याचे दावे मुंबईत उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेकडे चालतात, त्यामुळे वकील मुंबईचा आणि या विषयातला बघावा लागेल. जहाज, किंवा त्याच मालकाचे दुसरे जहाज, भारतीय बंदरात आले की न्यायालय ते अटकावू शकते. मालकाने रकमेची हमी भरली की ते सुटते. केरळने 2025 मध्ये बुडालेल्या ‘एमएससी एल्सा 3’च्या भरपाईसाठी त्याच समूहाचे दुसरे जहाज विळिंजम बंदरात असेच अटकावले होते.

खर्च बघा. महाराष्ट्रात न्यायालयीन शुल्क दाव्याच्या रकमेनुसार चढते आणि कमाल 10 लाखांपर्यंत जाते. अटकाव चुकीचा ठरला तर नुकसान भरून देण्याची हमी द्यावी लागते. वकिलांची फी वेगळी. एका कंटेनरसाठी हा खेळ परवडत नाही. विमा नसलेल्या अनेक मालधन्यांनी मिळून एकच वकील दिला तर परवडू शकतो. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन किंवा कोल्हापूर चेंबर ऑफ कॉमर्स यांनी अशा वेळी एकाच जहाजावरच्या सभासदांची यादी करून त्यांना एकत्र आणावे, ही माझी जाहीर विनंती आहे.

माल नाही, माणूस असेल तर

18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. 15 जणांचा जीव गेला. मुंबई बघायला गेलेले कोल्हापूरचे कुटुंब त्याच धक्क्यावरून बोटीत बसते, म्हणून हे इथे सांगतो. समुद्री कायद्याने मालाच्या बाबतीत दोषाच्या प्रमाणात वाटणी केली असली तरी मृत्यू आणि दुखापतीत नियम वेगळा ठेवला आहे: दोन्ही जहाजे पूर्ण भरपाईला जबाबदार, त्यांनी आपापसातली वाटणी नंतर करावी. पीडिताने कुणाची चूक किती हे सिद्ध होईपर्यंत थांबायचे नाही. सरकारची तातडीची मदत घेतली म्हणून भरपाईचा हक्क संपत नाही. तिकीट, पोलिसांत दिलेला जबाब आणि रुग्णालयाची कागदपत्रे जपा. बोटीत लाइफ जॅकेट मिळाले नाही तर बोट सुटण्याआधी मागा, आणि अंगात घाला.

विमा कंपनीने मालाचा क्लेम नाकारला तर

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिन्यात उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर दोन दारे आहेत, आणि दोन्ही स्वस्त आहेत.

धंदा एकट्याच्या मालकीचा किंवा सूक्ष्म उद्योग असेल तर विमा लोकपालाकडे जाता येते. कोल्हापूरसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचा निवाडा होतो. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचे. चप्पल आणि गुळाचे बरेच छोटे निर्यातदार यात बसतात, पण त्यांना हे कुणी सांगितलेले नसते.

दुसरे दार जिल्हा ग्राहक आयोगाचे. तिथे अधिकारक्षेत्र नुकसानीच्या रकमेवर ठरत नाही, तुम्ही भरलेल्या हप्त्यावर ठरते. म्हणजे 7,788 रुपये हप्ता भरून 40 लाखांचा क्लेम असला तरी तक्रार कोल्हापुरातच चालते, पुण्या-मुंबईला जावे लागत नाही. मुदत दोन वर्षांची. आणि भरलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर तक्रारीचे शुल्क शून्य आहे.